सराव चाचण्यांची संख्या म्हणजे तयारी नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पदव्युत्तर अभ्यासक्रमांच्या प्रवेश परीक्षांविषयी वृत्तपत्रांच्या शिक्षणविषयक पानांवर जे मार्गदर्शन प्रसिद्ध होते, त्यात परीक्षेचा आराखडा, अर्जाच्या मुदती आणि उत्तम गुण मिळवणाऱ्यांचा दिनक्रम यांना भरपूर जागा मिळते. मात्र अभ्यासाला बसल्यावर त्या दोन-तीन तासांत नेमके काय करायचे, याविषयी क्वचितच काही वाचायला मिळते. परदेशातील पदव्युत्तर शिक्षणासाठीची जीआरई आणि मुख्यतः व्यवस्थापन शिक्षणासाठीची जीमॅट या परीक्षांच्या तयारीत विद्यार्थ्यांना मदत करण्याचे काम मी बरीच वर्षे करत आले आहे. त्या अनुभवावरून माझे असे ठाम मत झाले आहे की, या परीक्षांत मागे राहणारे बहुतेक विद्यार्थी कष्टांत कमी पडत नाहीत. ते आपल्या चुकांकडे पाहण्यात कमी पडतात. आपल्या वाचकांत असे विद्यार्थी आणि त्यांचे पालक मोठ्या संख्येने असतील, म्हणून हे पत्र सविस्तर लिहीत आहे.

"मॅडम, माझ्या सगळ्या टेस्ट देऊन संपल्या, आता आणखी कुठल्या देऊ?" हा प्रश्न मला सर्वाधिक वेळा विचारला जातो. विचारणाऱ्याचे गुण पहिल्या दोन-तीन चाचण्यांनंतर जवळपास एकाच ठिकाणी अडकलेले असतात आणि आणखी चाचण्या दिल्या की ते आपोआप वर सरकतील, अशी त्याची प्रामाणिक समजूत असते. मागच्या चाचणीत कोणते प्रश्न चुकले, असे विचारले तर उत्तर येते, "क्वांटमधले, म्हणजे गणिती विभागातले, सहा चुकले, त्यातल्या चार सिली मिस्टेक होत्या." त्या चार चुका नेमक्या कोणत्या, हे मात्र त्याला आठवत नाही. ज्या चुकीला आपण 'सिली' म्हणतो, ती आपण तपासायची नाही असे जणू ठरवूनच टाकतो, आणि तीच पुन्हा पुन्हा होत राहते.

याचे एक उदाहरण जवळून पाहण्यासारखे आहे. जीआरईच्या गणिती विभागात दोन राशींची तुलना करण्याचे प्रश्न असतात. समजा, एका बाजूला क्षचा वर्ग आणि दुसऱ्या बाजूला क्ष दिलेला आहे, आणि क्ष शून्य नाही एवढीच माहिती पुरवली आहे. विद्यार्थी क्षच्या जागी 2 घालून पाहतो, 3 घालतो, खात्रीसाठी 5 घालतो. प्रत्येक वेळी वर्ग मोठा येतो आणि तो पहिला पर्याय निवडून मोकळा होतो. त्याने क्षच्या जागी अर्धा घातला असता तर वर्ग पाव म्हणजे लहान आला असता आणि 1 घातला असता तर दोन्ही बाजू सारख्या झाल्या असत्या. दिलेल्या माहितीवरून तुलना करता येत नाही, हे त्याचे बरोबर उत्तर. स्पष्टीकरण वाचताच विद्यार्थी म्हणतो, "अरे हो, अपूर्णांक राहिलाच," आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतो. काही दिवसांनी त्याच विद्यार्थ्यापुढे वेगळ्याच प्रकरणातला प्रश्न येतो: एका संख्येचा वर्ग सम असेल, तर ती संख्या सम असलीच पाहिजे का? तो विचार न करता होकार देतो. संख्या पूर्णांक आहे असे कोणी सांगितलेलेच नसते; 2च्या वर्गमुळाचा वर्ग 2 म्हणजे सम आहे, पण ते वर्गमूळ सम संख्या नाही. विद्यार्थ्याच्या लेखी या दोन निरनिराळ्या प्रकरणांतल्या दोन किरकोळ चुका आहेत. वास्तविक ती एकच चूक आहे: संख्या म्हटले की ती धन आणि पूर्णांकच असणार, असे तो नकळत गृहीत धरतो. ही सवय त्याच्या लक्षात आणून दिली की त्या एका जाणिवेतून पुढचे अनेक प्रश्न सुटतात. ती लक्षात आली नाही, तर आणखी शंभर प्रश्न सोडवूनही त्याच खड्ड्यात पाय पडतो.

म्हणूनच मी प्रत्येक विद्यार्थ्याला चुकांची वही ठेवायला सांगते. या वहीत प्रश्न आणि त्याचे बरोबर उत्तर उतरवून काढणे हे काम दुय्यम आहे. त्या क्षणी मी काय विचार केला, प्रश्नातला कोणता शब्द वाचायचा राहिला, आणि पुढच्या वेळी कोणती खूण दिसल्यावर मी थबकले पाहिजे, या तीन गोष्टी स्वतःच्या शब्दांत लिहिणे हे खरे काम. अंदाजाने बरोबर आलेले उत्तरही या वहीत आले पाहिजे, कारण तो गुण नशिबाने मिळालेला असतो आणि परीक्षेच्या दिवशी नशिबावर विसंबता येत नाही. काही दिवस मध्ये जाऊ द्यावेत आणि मग उत्तर झाकून तेच प्रश्न पुन्हा सोडवावेत. सुरुवातीला विद्यार्थ्यांना हे अतिशय कंटाळवाणे वाटते, एका चाचणीच्या तपासणीत दोन संध्याकाळी सहज जातात, आणि त्या वेळात आणखी एक चाचणी देऊन झाली असती अशी चुटपुट त्यांना लागून राहते. तरीही एक चाचणी आणि तिची नीट तपासणी हे प्रमाण पाळणाऱ्यांची प्रगती मी पाहिली आहे, आणि दर रविवारी चाचणी देऊन फक्त आकडा पाहणाऱ्यांची निराशाही पाहिली आहे.

त्यातही अधिकृत सराव परीक्षा मोजक्याच असतात, हे ध्यानात घ्यायला हवे. जीआरई घेणारी एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस ही संस्था दोन पूर्ण सराव परीक्षा मोफत उपलब्ध करून देते आणि जीमॅटच्या अधिकृत संकेतस्थळावरही दोन परीक्षा मोफत मिळतात. प्रश्नांची भाषा, पर्यायांतली फसवी जवळीक आणि काठिण्याचा अंदाज या बाबतींत अधिकृत प्रश्नांची सर इतर कोणत्याही प्रश्नांना येत नाही. तयारी सुरू होण्याआधीच केवळ 'आपण कुठे आहोत' हे पाहण्यासाठी या सगळ्या परीक्षा पहिल्या पंधरवड्यात संपवून टाकणे म्हणजे हातातली सर्वांत मौल्यवान सामग्री वाया घालवणे आहे. एक सुरुवातीला द्यावी आणि उरलेल्या परीक्षा अभ्यासाला आकार आल्यानंतर, परीक्षेच्या वेळेलाच, मधे न उठता द्याव्यात.

दुसरी गोष्ट जुन्या साहित्याची. या परीक्षा गेल्या काही वर्षांत इतक्या बदलल्या आहेत की, ज्येष्ठ भावंडाची किंवा मित्राची पुस्तके जशीच्या तशी वापरणे आता धोक्याचे झाले आहे. पूर्वी पावणेचार तास चालणारी जीआरई 22 सप्टेंबर 2023 पासून 1 तास 58 मिनिटांची झाली. दोनपैकी एक निबंध गेला आणि गुण न मोजला जाणारा प्रायोगिक विभागही गेला. जीमॅटची नवी आवृत्ती नोव्हेंबर 2023 मध्ये आली आणि जुनी जानेवारी 2024 अखेर बंद झाली. नव्या जीमॅटमध्ये वाक्यसुधारणेचे प्रश्न नाहीत, भूमिती नाही, निबंध नाही. त्यांऐवजी तक्ते, आलेख आणि दिलेली माहिती उत्तरासाठी पुरेशी आहे की नाही याची पारख यांवरचा 'डेटा इन्साइट्स' हा स्वतंत्र विभाग आहे. कायद्याच्या शिक्षणासाठीच्या एलसॅटमधून 'लॉजिक गेम्स' हा प्रसिद्ध विभाग ऑगस्ट 2024 पासून वगळण्यात आला. असे असूनही वाक्यसुधारणेच्या नियमांची जाडजूड टिपणे घेऊन जीमॅटच्या तयारीला बसलेले विद्यार्थी मला आजही भेटतात, आणि महिना-दीड महिना गेल्यावर त्यांना कळते की आपण अस्तित्वातच नसलेल्या प्रश्नांचा अभ्यास करत होतो.

शब्दसंग्रहाची कथा तर याहून जुनी आहे. जीआरईमध्ये 2011 पर्यंत विरुद्धार्थी शब्दांचे आणि शब्दांमधील नात्यांचे प्रश्न असत, त्यामुळे त्या काळी हजारो शब्दांच्या याद्या घोकण्याला काही अर्थ होता. ऑगस्ट 2011 मध्ये ते दोन्ही प्रकार काढून टाकण्यात आले. आता शब्द विचारला जातो तो वाक्यात, परिच्छेदात, संदर्भाच्या आधाराने. एका प्रकारात तर सहा शब्दांतून असे दोन निवडायचे असतात की, दोन्हींनी वाक्याचा अर्थ सारखाच व्हावा. तिथे परीक्षक अनेकदा एक जोडी अशी ठेवतात की, ते दोन शब्द एकमेकांचे समानार्थी असतात, पण वाक्याच्या आशयाशी त्यांचा मेळ बसत नाही. यादी पाठ केलेला विद्यार्थी ती जोडी चटकन ओळखतो आणि वाक्य शेवटपर्यंत न वाचताच ती निवडतो. शब्द माहीत असणे आवश्यक आहे, हे मला नाकारायचे नाही. पण शब्द ज्या वाक्यात भेटला त्या वाक्यासह तो टिपून ठेवणे आणि रोज थोडे तरी गंभीर, विचारप्रधान गद्य वाचणे याला पर्याय नाही. एका महिन्यात शब्दसंग्रह वाढवून देण्याच्या जाहिराती वाचल्या की मला मनापासून वाईट वाटते, कारण ज्याचे वाचन कच्चे आहे त्याला वाचनापासूनच दूर नेण्याचे काम त्या करतात.

उताऱ्यावरील प्रश्नांतही चुकीचे मूळ बहुधा वाचनातच असते. उताऱ्यात लेखकाने 'काही प्रजातींमध्ये हे आढळले' असे म्हटलेले असते आणि पर्यायात 'बहुतेक प्रजातींमध्ये' असे लिहिलेले असते. विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्याला स्वतःच्या अभ्यासातून ठाऊक असते की ते बहुतेक प्रजातींमध्ये आढळतेच, म्हणून तो तो पर्याय निवडतो. पर्याय वस्तुस्थितीला धरून असला तरी उताऱ्याला धरून नसतो, आणि प्रश्न उताऱ्यावर असतो. उलट विषय अजिबात परिचयाचा नसलेला विद्यार्थी अशा ठिकाणी अनेकदा अधिक सावधपणे वाचतो. चुकांच्या वहीत 'उताऱ्याबाहेरची माहिती वापरली' अशी नोंद तीन-चार वेळा झाली की विद्यार्थी प्रत्येक पर्यायासमोर उताऱ्यातली ओळ शोधू लागतो, आणि त्याच्या वाचनाची पद्धतच बदलते.

वेळेच्या नियोजनाबद्दल जितके गैरसमज आहेत तितके क्वचितच अन्य बाबतीत असतील. जीआरईच्या गणिती विभागाचे दोन भाग असतात, पहिल्यात 21 मिनिटांत 12 प्रश्न आणि दुसऱ्यात 26 मिनिटांत 15 प्रश्न; भाषेच्या विभागात हेच प्रमाण 18 मिनिटांत 12 आणि 23 मिनिटांत 15 असे असते. म्हणजे प्रत्येक प्रश्नाला दीड ते पावणेदोन मिनिटे मिळतात. पहिल्या भागातील एकूण कामगिरीवरून दुसरा भाग सोपा की कठीण हे ठरते, परंतु एका भागाच्या आत सर्व प्रश्नांचे वजन सारखेच असते. सुरुवातीच्या पाच प्रश्नांवर सगळे अवलंबून असते, ही समजूत जीआरईच्या बाबतीत निराधार आहे. तिच्यापायी विद्यार्थी तिसऱ्या प्रश्नावर पाच मिनिटे घालवतात आणि शेवटचे तीन सोपे प्रश्न वाचायचेही राहून जातात. अडलेला प्रश्न खूण करून सोडावा, पुढे जावे, वेळ उरल्यास परत यावे. जीआरईत तशी सोय आहे. चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नसल्याने एकही प्रश्न कोरा ठेवू नये.

जीमॅटमध्ये मात्र हा शिरस्ता चालत नाही. तिथे प्रत्येक उत्तरानुसार पुढचा प्रश्न ठरतो, उत्तर दिल्याशिवाय पुढे जाता येत नाही, आणि विभाग संपताना वेळ शिल्लक असेल तरच मागे जाऊन जास्तीत जास्त तीन उत्तरे बदलता येतात. अपूर्ण राहिलेल्या प्रश्नांचा फटकाही बसतो. 45 मिनिटांचे तीन विभाग, गणिताचे 21, भाषेचे 23 आणि डेटा इन्साइट्सचे 20 प्रश्न, असा तो आराखडा आहे. प्रश्न सोडून पुढे जाण्याची सवय आणि निर्णय घेऊन त्याला चिकटून राहण्याची सवय या परस्परविरोधी आहेत, म्हणून दोन्ही परीक्षांची तयारी एकाच वेळी करू नये, असे मी आग्रहाने सांगते. अनेक व्यवस्थापन शिक्षणसंस्था दोन्हींपैकी कोणत्याही एका परीक्षेचे गुण स्वीकारतात. दोन्हींची एकेक सराव परीक्षा देऊन जी आपल्या स्वभावाला जुळते ती निवडावी आणि दुसरीचा विचार सोडून द्यावा.

निबंधाकडे बहुतेकांचा काणाडोळा होतो. जीआरईत आता एकच निबंध असून त्याला 30 मिनिटे मिळतात. हा निबंध ज्या विषयांतून विचारला जातो, त्यांची संपूर्ण यादी परीक्षा घेणाऱ्या संस्थेनेच जाहीर केलेली आहे, हे किती जणांना माहीत असते? यादी लांबलचक असल्याने पाठांतराचा उपयोग नाही. पण त्यातले पंधरा-वीस विषय घेऊन प्रत्येकाच्या दोन्ही बाजूंचे मुद्दे दहा मिनिटांत मांडण्याचा सराव केला, तर प्रत्यक्ष परीक्षेत लेखणी अडत नाही. तयार साच्यातले निबंध पाठ करून जाणाऱ्यांना मला सावध करायचे आहे. इतरांच्या लेखनाशी असलेले साम्य संगणकाद्वारे तपासले जाते आणि ते आढळल्यास गुण रद्द होऊ शकतात.

परीक्षेच्या दिवसाबद्दल थोडक्यात लिहिते. नोंदणी करताना लिहिलेले नाव आणि ओळखपत्रावरील नाव यांत अक्षराचाही फरक नसावा, ही गोष्ट क्षुल्लक वाटते, पण तिच्यामुळे परीक्षेला बसू न देण्याची वेळ येऊ शकते. घरून परीक्षा देणाऱ्यांनी खोलीत दुसरे कोणी येणार नाही याची तजवीज करावी आणि कच्च्या कामासाठी साध्या कागदाऐवजी पुसता येणारा फलक लागतो हे लक्षात ठेवून सरावही त्याच फलकावर करावा. जीआरईच्या नव्या रूपात मध्यंतर नाही. सलग दोन तास एकाग्र बसण्याची सवय आधीच लावलेली बरी.

आता गुणांविषयी. "327 आले आहेत, 330 साठी पुन्हा बसावे का?" असे विचारणारे पालकांचे फोन मला दर हंगामात येतात. जीआरईचे भाषा आणि गणित हे दोन विभाग प्रत्येकी 130 ते 170 या मोजपट्टीवर मोजले जातात आणि फोनवर सांगितला जाणारा आकडा ही त्या दोहोंची बेरीज असते. प्रत्येक विभागात मोजमापाची अंगभूत तफावत सुमारे दोन गुणांची असते, म्हणजे तोच विद्यार्थी काहीही नवे न शिकता पुन्हा बसला तरी दोन-तीन गुण इकडेतिकडे होणे स्वाभाविक आहे. त्या तीन गुणांसाठी आणखी दोन महिने खर्च करण्याऐवजी ते उद्देशपत्र (स्टेटमेंट ऑफ पर्पज) नीट लिहिण्यात, शिफारसपत्रे देणाऱ्या प्राध्यापकांशी वेळेवर बोलण्यात आणि आपल्याला ज्यांच्याबरोबर काम करायचे आहे त्यांचे संशोधन वाचण्यात गेले तर अर्जाला अधिक बळ येते. पुन्हा परीक्षा देण्याला माझा विरोध नाही. दोन परीक्षांमध्ये 21 दिवसांचे अंतर ठेवून बारा महिन्यांत पाच वेळा जीआरई देता येते, गुण पाच वर्षे ग्राह्य राहतात आणि कोणत्या परीक्षेचे गुण पाठवायचे हे विद्यार्थी स्वतः निवडू शकतो. पण सराव परीक्षांत सातत्याने जे गुण येत होते त्यापेक्षा प्रत्यक्षात बरेच कमी आले असतील, तरच पुन्हा बसण्यात अर्थ आहे.

एकाच आकड्याचा अर्थ दोन विभागांत वेगळा होतो, हेही पालकांना सांगावे लागते. गणितात 170 पैकी 170 मिळवणाऱ्याचा पर्सेंटाइल, म्हणजे त्याच्यापेक्षा कमी गुण मिळवणाऱ्यांची टक्केवारी, नव्वदीच्या थोडाच वर असतो, कारण तिथे पूर्ण गुण मिळवणारे पुष्कळ असतात; भाषेत 165 मिळवणारा मात्र पंच्याण्णवच्या आसपास पोहोचतो. म्हणून बेरजेच्या आकड्यावरून दोन विद्यार्थ्यांची तुलना करणे फसवे आहे. खुद्द परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांतही, केवळ जीआरईच्या गुणांची किमान मर्यादा लावून कोणाला प्रवेश नाकारू नये, असे स्पष्ट म्हटले आहे. विद्यापीठांच्या अनेक विभागांनी तर ही परीक्षा ऐच्छिक केली आहे किंवा विचारातून वगळली आहे. मिशिगन विद्यापीठाच्या रॅकहॅम पदव्युत्तर विद्यालयाने 2022 मध्ये पीएच.डी. प्रवेशासाठी जीआरईचे गुण न पाहण्याचा निर्णय जाहीर केला होता. हे धोरण विद्यापीठागणिकच नव्हे तर विभागागणिक बदलते आणि वर्षागणिकही बदलते, म्हणून तयारीला लागण्यापूर्वी आपल्याला हव्या असलेल्या प्रत्येक विभागाचे चालू वर्षाचे पान स्वतः वाचावे. कुणीतरी सांगितले म्हणून परीक्षा देऊ नये आणि कुणीतरी सांगितले म्हणून ती टाळूही नये.

आपल्या वृत्तपत्राकडून माझ्या दोन अपेक्षा आहेत. परीक्षांचा आराखडा छापताना तो कोणत्या तारखेपासून लागू आहे हे सोबत नमूद करावे, म्हणजे कापून ठेवलेल्या कात्रणाच्या भरवशावर पुढच्या वर्षीचा विद्यार्थी चुकीच्या परीक्षेचा अभ्यास करणार नाही. आणि यशस्वी विद्यार्थ्यांच्या मुलाखती घेताना त्यांना रोज किती तास अभ्यास केला हे विचारण्यासोबत, कोणती चूक त्यांच्याकडून वारंवार होत होती आणि ती त्यांनी कशी घालवली, हेही विचारावे. जमल्यास आठवड्यातून एकदा एक प्रश्न, त्याचे एक हमखास दिले जाणारे चुकीचे उत्तर आणि त्या उत्तरामागची विचारसरणी एवढेच उलगडून दाखवणारे छोटे सदर सुरू करावे. त्यासाठी लागणारे प्रश्न मी स्वतः रचून, विनामूल्य पाठवायला तयार आहे.

आपली विश्वासू,
एक शिक्षिका